लाकडाला आगीपासून जपणारी प्रक्रिया पावसाळ्यानंतर किती उरते? (जावळी, महाबळेश्वर, पाटण भागातील घरांसाठी)

डोंगरपायथा (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी.

मेढ्यापासून बामणोलीपर्यंत आणि साताऱ्याहून कासकडे जाणाऱ्या वाटेवर अलीकडे लाकडी कॉटेज, लाकडी सज्जे आणि फळ्यांनी मढवलेल्या भिंती पुष्कळ दिसू लागल्या आहेत. जुनी कौलारू घरे, त्यांचे सागवानी खांब, ऐनाच्या तुळया आणि पडवीचे वासे तर पूर्वीपासून आहेतच. या सगळ्या लाकडाला आमच्या भागात दोन टोकांचे हवामान सोसावे लागते. महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्याच डोंगरांवरचे कुसळी गवत फाल्गुनापासून वैशाखापर्यंत इतके कोरडे होते, की एका ठिणगीने अख्खा उतार पेटतो. म्हणून लाकडाला आगीपासून वाचवण्यासाठी जी प्रक्रिया करायची, ती आधी चार महिने पाण्यात तग धरणारी हवी, असे माझे ठाम मत आहे. विकणारा मनुष्य नेमके हेच सांगत नाही. तो नुकतीच प्रक्रिया केलेली फळी ज्योतीवर धरून दाखवतो, ती पेट घेत नाही आणि घेणारा समाधानाने पैसे मोजतो. आगीचा हंगाम पावसाळ्यानंतर येतो, त्यामुळे पावसाळ्यापूर्वीच्या फळीवरची परीक्षा आपल्या कामाची नाही.

या विषयावर मी जे वाचले आणि जाणकारांना विचारून घेतले, ते मांडतो.

लाकूड तापले की आधी त्यातले पाणी निघून जाते. साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचे घटक फुटू लागून ज्वलनशील वायू बाहेर पडतात. ज्योत दिसते ती या वायूंची. ३०० अंशांच्या आसपास पृष्ठभागाचा कोळसा होतो आणि हा कोळशाचा थर उष्णता आत जाऊ देत नाही, म्हणून आतले लाकूड काही काळ शाबूत राहते. आग मंदावणारी बहुतेक रसायने याच गुणाचा फायदा घेतात. वायू कमी आणि कोळसा जास्त, असा तो व्यवहार आहे.

ही रसायने लाकडाला देण्याचे मुख्य मार्ग दोन. एक म्हणजे बंद टाकीत निर्वात करून, मग दाबाखाली क्षारांचे द्रावण लाकडाच्या अंगात भरणे. दुसरा म्हणजे वरून फुगणारा रंग किंवा फुगणारे वॉर्निश देणे. हा लेप साधारण २०० अंशांच्या पुढे पापडासारखा फुगतो आणि त्याच्या फेसाळ थरामागे लाकूड झाकले जाते. दोन्ही मार्ग घराच्या आत चांगले काम देतात. बाहेर मात्र दोघांचाही शत्रू पाणी आहे, कारण क्षार पाण्यात विरघळतात आणि फुगणाऱ्या लेपातले काही घटकही ओल लागली की हळूहळू निघून जातात.

ज्यांनी आपल्या भागात उघड्यावरच्या लाकडावर अशी प्रक्रिया करून घेतली आहे आणि दोन-चार पावसाळे पाहिले आहेत, त्यांनी कृपया लिहावे. नवे पाइन, सिल्व्हर ओक आणि जुना साग यांबद्दल वेगवेगळे लिहिले तर अधिक बरे.

रसायन_कराड:

धागा फार गरजेचा आहे. दुकानदार एकाच पिंपातले द्रव्य सगळ्या कामांना देतात, म्हणून थोडे रसायनशास्त्र सांगतो.

अमोनियम फॉस्फेट, अमोनियम सल्फेट, बोरॅक्स आणि बोरिक आम्ल ही या क्षेत्रातली जुनी मंडळी. फ्रेंच शास्त्रज्ञ गे-ल्युसॅक यांनी १८२१ मध्ये नाट्यगृहांतल्या कापडाला आग लागू नये म्हणून अमोनियमचे क्षार आणि बोरॅक्स यांचाच अभ्यास केला होता. फॉस्फेट तापले की आम्ल तयार होते आणि ते लाकडातले पाणी ओढून काढून कोळसा वाढवते. बोरॅक्स वितळून काचेसारखे पृष्ठभागावर पसरते आणि ज्योत पसरू देत नाही, तर बोरिक आम्ल ज्योत विझल्यानंतर धुमसणारा लाल निखारा शमवते. म्हणूनच ही दोन्ही जोडीने वापरतात.

परंतु हे सर्व क्षार पाण्यात विरघळणारे आहेत आणि लाकडाच्या तंतूंशी त्यांचे पक्के नाते जुळत नाही. पावसाच्या माऱ्यात ते थोडे थोडे करून वाहून जातात. काही क्षार तर हवेतली ओलही ओढून घेतात. महाबळेश्वर-पाचगणीच्या श्रावणातल्या हवेत असे लाकूड चिकट ओले राहते, त्यावर पांढरी क्षारफूट येते आणि साधे खिळे गंजतात.

उघड्यावर टिकणारी प्रक्रिया वेगळी असते. तिच्यात फॉस्फरस आणि नायट्रोजनयुक्त राळ लाकडात दाबाने भरतात आणि नंतर भट्टीत तापवून ती राळ तंतूंमध्येच घट्ट करतात. घट्ट झालेली राळ पाण्यात सहज विरघळत नाही. ही भट्टीची पायरी गाळली, तर बाकी सगळे वरवरचे राहते. तेव्हा विक्रेत्याला विचारण्याचा पहिला प्रश्न असा, की माल भरल्यानंतर तापवून घट्ट केला आहे का.

दुसरा प्रश्न चाचणीचा. अमेरिकेत एएसटीएम डी २८९८ या पद्धतीने लाकडाला आधी कृत्रिम हवामान देतात. तिच्या एका प्रकारात दर आठवड्याला ९६ तास पाण्याचा मारा आणि ७२ तास वाळवणी, असे १२ आठवडे चालते आणि आगीची परीक्षा त्यानंतर होते. युरोपात ईएन १६७५५ हे मानक घरातल्या आणि उघड्यावरच्या वापरासाठी वेगळे वर्ग ठरवते. विक्रेत्याच्या कागदावर यांपैकी काहीच नसेल आणि फक्त ज्योतीच्या चाचणीचा आकडा असेल, तर तो माल घराच्या आतला समजावा.

बामणोली_काठ:

सर, आमच्या कॉटेजच्या बाहेरच्या फळ्या सिल्व्हर ओकच्या आहेत. वाळवी आणि भुंग्यासाठी आम्ही बोरॅक्स व बोरिक आम्लाचे पाणी ब्रशने दोनदा दिले आहे. गवंडी म्हणतात, की तेच आगीलाही चालते. खरोखर चालते का?

रसायन_कराड:

चालत नाही, आणि हा गैरसमज सगळीकडे आहे. कीड रोखण्यासाठी दर घनमीटर लाकडामागे थोडेच बोरॉन (बोरॅक्स आणि बोरिक आम्लातले मूलद्रव्य) पुरते. आग मंदावण्यासाठी मात्र साधारण ४० ते ८० किलो कोरडे क्षार एका घनमीटरमागे लाकडात मुरावे लागतात. ब्रशने दिलेले पाणी जेमतेम वरच्या एक-दोन मिलिमीटरपर्यंत पोचते. शिवाय आपल्या फळ्या उघड्यावर आहेत, म्हणजे किडीसाठी दिलेले बोरॉनही पावसाने उतरणार. त्यावर पाणी न शिरू देणारा लेप नसेल, तर तो आधी द्या.

घरच्या घरी एक पारख करता येते. उरलेल्या फळीचे दोन सारखे तुकडे घ्या. एक कोरडा ठेवा, दुसरा बादलीत बुडवून रोज पाणी बदलत राहा आणि मग सावलीत पुरता वाळवा. त्यानंतर दोन्ही तुकडे उभे धरून खालच्या कडेला गॅसची ज्योत लावा. चांगली प्रक्रिया असेल तर ज्योत काढताच आग विझते, कड काळी पडते आणि लाल निखारा मागे राहत नाही. भिजवलेल्या तुकड्यावर ज्योत वर चढत गेली, तर आपल्या कॉटेजवरही तेच होईल. हे मोकळ्या जागेत, हाताशी पाणी ठेवूनच करावे. अशी पारख प्रयोगशाळेची जागा घेत नाही, पण खोटा माल पकडायला पुरते.

वाडा_दुरुस्ती_वाई:

मी जुन्या वाड्यांच्या लाकूडकामात आहे, त्यामुळे सागाबद्दल लिहितो.

सागाचा गाभा द्रावण घेत नाही. टाकीत दाब देऊनसुद्धा त्यात क्षार फारसे शिरत नाहीत, तर उभ्या खांबाला ब्रशने काय शिरणार? ऐन-किंजळाच्या जुन्या तुळयाही घरातून काढून टाकीत घालता येत नाहीत. म्हणजे उभ्या वाड्याला लेप हाच मार्ग उरतो, आणि लेप देण्यापूर्वी कोणत्या लाकडाला त्याची खरोखर गरज आहे हे ठरवावे.

जाड लाकूड स्वतःच बराच वेळ झुंज देते. युरोपच्या बांधकाम संहितेत लाकूड जळत आत जाण्याचा वेग मऊ लाकडासाठी मिनिटाला साधारण ०.६५ मिलिमीटर आणि घट्ट लाकडासाठी ०.५ मिलिमीटरच्या आसपास धरतात. या हिशेबाने २०० मिलिमीटर रुंदीची सागवानी तुळई अर्ध्या तासात प्रत्येक उघड्या बाजूने १५ मिलिमीटर झिजते आणि आत १७० मिलिमीटर शाबूत राहते. पण पंचवीस मिलिमीटरची पाइनची फळी दोन्ही बाजूंनी पेटली, तर वीस मिनिटांत संपते. म्हणून लेपाचा पहिला मान पातळ लाकडाचा: रीप, माळ्याच्या पाटणाच्या (तक्तपोशीच्या) फळ्या, झडपा, जाळीकाम, जिन्याच्या पायऱ्या आणि छताखालचे वासे.

जाडीवर फाजील भरवसाही ठेवू नये. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ मध्ये पेटला तेव्हा कित्येक दिवस जळत राहिला आणि त्याच्या सागवानी मजल्यांतले काही उरले नाही. आज दिसतात ते जोती, तट आणि दरवाजे. आग लांबली की साग काय आणि शिसम काय.

लेप देण्याची कामगिरी खरवडण्यात आहे. फुगणारा लेप जुन्या तेलरंगावर किंवा मेणावर दिला, तर तापताच खालचा रंग सुटतो आणि लेप फुगण्याआधीच गळून पडतो. म्हणून लाकूड उघडे होईपर्यंत खरवडावे, घासावे आणि पुसावे. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते, त्यामुळे तोंडाला चांगला मास्क बांधावा आणि धूळ ओल्या फडक्याने गोळा करावी. रंग काढायला ब्लो लॅम्प मात्र कोणी लावू नये. तुळईच्या सांध्यात साठलेला जुना कचरा आतल्या आत धुमसतो आणि कारागीर घरी गेल्यावर पेट घेतो.

लेपाची जाडी डब्यावर जितके ग्रॅम दर चौरस मीटरला लिहिली आहे तितकीच द्यावी. लाकडाचा पोत दिसावा म्हणून मालक पातळ हात मागतात. तसे करायचे असेल, तर साधे वॉर्निश घ्यावे आणि आगीचे नाव काढू नये. उघड्या बाजूला लेपावर पाणी अडवणारा वरचा हात लागतोच, परंतु तो त्याच उत्पादकाने सांगितलेला हवा. मनाने जाड पीयू (पॉलियुरेथेनचे वॉर्निश) चढवले, तर त्या कडक पापुद्र्याखाली लेपाला फुगता येत नाही.

सांगली_कृष्णाकाठ:

आमच्याकडे पाऊस कमी, पण पूर आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात सांगलीतल्या कित्येक घरांचे प्लायवूड अनेक दिवस पाण्यात होते. त्या अनुभवामुळे प्लायबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते.

प्लायवर आयएस ७१० (आयएस म्हणजे भारतीय मानक) लिहिलेले असते तेव्हा त्यातला डिंक उकळत्या पाण्यातही सुटत नाही, ही त्याची मुख्य ग्वाही. आगीशी तिचा संबंध नाही. आयएस ५५०९ हे आग मंदावणाऱ्या प्लायचे मानक आहे, आणि त्यात ज्योत धरणे, ज्योत आरपार जाणे व जळण्याचा वेग अशा परीक्षा असतात. आता ५५०९ चे प्लाय पावसात उघडे लावले, तर त्यातले क्षार उतरणारच. दुकानात मात्र दोन्ही शिक्के दाखवून एकच माल पाणी, आग आणि वाळवी या सगळ्यांना चालतो असे सांगतात. घेणाऱ्याने विचारावे, की आगीची परीक्षा भिजवल्यानंतर केली आहे का.

पुरात बुडालेल्या आग-मंदावणाऱ्या प्लायचे आणि फळ्यांचे संरक्षण संपले असे धरून चालावे. दिसायला ते पूर्वीसारखेच दिसते. तासगाव भागात बेदाण्याच्या शेडमध्येही लाकूड व बांबू असतात, त्यांनाही हेच लागू आहे.

उतार_छप्पर:

मी बांधकाम अभियंता आहे. छताबद्दल एक इशारा द्यायचा आहे.

अमेरिकेत १९८० च्या दशकात घरांच्या छतांखाली फॉस्फेटची प्रक्रिया केलेले प्लाय फार मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. काही वर्षांत ते काळे पडून ठिसूळ झाले. उन्हाने तापलेल्या छताखाली ते रसायन आगीची वाट न पाहता रोज थोडे थोडे आम्ल सोडत राहिले आणि लाकडाचे तंतू खात गेले. आपल्याकडे पत्र्याखालची हवा उन्हाळ्यात किती तापते, हे सातारा-सांगलीत कोणाला सांगायला नको. म्हणून पत्र्याखाली किंवा काळ्या छताखाली प्रक्रिया केलेले लाकूड लावायचे असेल, तर ते उच्च तापमानासाठी तपासलेले आहे का, हे लेखी घ्यावे आणि छताखाली हवा खेळती ठेवावी.

प्रक्रियेने लाकडाची वाकण सोसण्याची ताकद साधारण १० ते २० टक्क्यांनी कमी होऊ शकते, तेव्हा वाशांचे माप त्यानुसार वाढवावे. प्रक्रियेनंतर लाकूड रंधू नये आणि उभे चिरू नये, कारण आतला कोरा भाग उघडा पडतो. खिळे व स्क्रू गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस वापरावेत.

पाटण_शिवार:

आमचा गोठा डोंगराच्या कडेला आहे आणि शेजारीच कडब्याची गंजी असते. गव्हाणीच्या आणि दावणीच्या लाकडाला हे क्षार दिले तर चालेल का?

रसायन_कराड:

दादा, तिथे मुळीच देऊ नका. खारट चवीचे लाकूड जनावरे चाटतात आणि कुरतडतात, आणि अमोनियमचे क्षार व बोरॉन दोन्ही त्यांच्या पोटात जाणे घातक आहे. हिरवट दिसणारे, आर्सेनिक आणि क्रोमियम भरलेले जुने खांब कोणी स्वस्तात देऊ केले, तर तेही गोठ्यात घेऊ नका आणि त्यांचे तुकडे चुलीत कधीही जाळू नका, कारण धूर आणि राख दोन्ही विषारी असतात. ते लाकूड किडीसाठी आहे, आगीसाठी नाही, आणि एकदा पेटले की ज्योत विझल्यावरही धुमसत राहते.

गोठ्यासाठी गंजी लांब हलवणे, गोठ्याभोवतीचे गवत कापणे आणि वाऱ्याच्या बाजूची भिंत दगडमातीची ठेवणे, यांचा उपयोग कोणत्याही रसायनापेक्षा जास्त होईल.

डोंगरपायथा (धागाकर्ता):

सर्वांचे मनापासून आभार. पाटणच्या दादांच्या प्रश्नामुळे वणव्याचा विषय निघाला, तर एक मुद्दा जोडतो. वणवा घराला भिडतो तो बहुतेक वेळा ज्योतीने नाही, तर वाऱ्याने उडून आलेल्या निखाऱ्यांनी. ते कौलांच्या फटीत, पन्हळीतल्या पालापाचोळ्यात आणि सज्जाच्या दोन फळ्यांच्या मधल्या खाचेत अडकून तिथे धुमसतात. म्हणून लेपाच्या बरोबरीने पन्हळी साफ करणे, आढ्याजवळच्या झरोक्यांना तीन मिलिमीटरहून लहान छिद्रांची धातूची जाळी बसवणे आणि घराभोवती वन विभाग काढतो तशी जाळरेषा (गवत काढून किंवा जाळून मोकळी केलेली पट्टी) होळीच्या आधी काढून ठेवणे हे करायलाच हवे. जाळरेषा म्हणून गवत जाळायचे असेल, तर एकट्याने करू नये. वनरक्षकाला कळवून, माणसे आणि पाणी जमवूनच करावे, नाही तर त्यातूनच वणवा लागतो. मी स्वतः घराजवळ गवत कापून उचलणेच पसंत करतो.

वाड्यांचे काम करणाऱ्यांना एक विनंती आहे. बेलतेल, म्हणजे उकळलेले जवसाचे तेल, पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ते तेल वाळताना उष्णता सोडते आणि चिंध्यांचा ढीग काडी न लावता पेटू शकतो. फडकी उघड्यावर एकेक पसरून वाळवावीत किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवावीत. शंभर वर्षे टिकलेला वाडा दुरुस्तीच्या आठवड्यात जळावा, याइतके वाईट काही नाही.

आणखी एक प्रश्न उरतो: लेप द्यायचा महिना कोणता? आमच्याकडे दसऱ्यापर्यंत लाकूड ओलेच असते.

वाडा_दुरुस्ती_वाई:

मार्गशीर्ष-पौष योग्य. तोवर लाकूड पुरेसे वाळलेले असते, हवा कोरडी असते आणि वणव्याचा हंगाम सुरू व्हायला अवधी असतो. ओलाव्याच्या मीटरने तपासून १५ टक्क्यांच्या आसपास आल्याशिवाय हात देऊ नये, कारण आत कोंडलेली ओल उन्हाळ्यात लेपाला फोड आणते. सकाळचे दव पूर्ण उडाल्यावर सुरुवात करावी आणि ऊन उतरण्याआधी थांबावे.

मग दर वर्षी दिवाळीनंतर उजेडात एकदा पाहणी करावी. दक्षिण-पश्चिमेकडची बाजू, फळ्यांची टोके आणि जमिनीलगतची वीतभर पट्टी आधी जाते. तिथे लेपाला बारीक चिरा दिसल्या, रंग पांढुरका झाला किंवा नख लावताच पापुद्रा निघाला, तर तेवढा भाग खरवडून वरचा हात पुन्हा द्यावा. खालचा फुगणारा थर भिजून मऊ झाला असेल, तर तो सगळा काढून नव्याने द्यावा लागतो. फळ्यांची कापलेली टोके बसवण्यापूर्वीच लेपात बुडवून घ्यावीत, कारण पाणी सर्वांत जास्त तिथूनच शिरते आणि फळी एकदा भिंतीला ठोकली की तिथे ब्रश पोचत नाही.